क्षमेच्या ओळीपाशी

उदगीरची हवा बदलली. पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दहा वाजता अंगणात उभं राहवत नाही. मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या बाजूनं तुरीचा बारीक भुसा उडत येतो आणि दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर बसतो. रस्त्यानं कडब्याच्या गाड्या चालल्या आहेत. वळणावर धाटं सांडली की गल्लीतल्या शेळ्या धावत सुटतात. लिंबाखाली सकाळी झाडलं की दुपारी पुन्हा झाडावं लागतं. दहावीची मुलं छातीशी पॅड धरून जाताना दिसली की, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी, माझे पाय शाळेकडं वळू पाहतात. आणि काल रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, येत्या बुधवारपासून उपवासाचे चाळीस दिवस सुरू होत आहेत, मंडळीनं तयारीत राहावं.

तयारीत राहावं, म्हणजे काय सोडायचं ते ठरवावं. आमच्या मंडळीत कुणी मटण सोडतं, कुणी तंबाखू. एका मावशीनं एका वर्षी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या आणि चाळीस दिवस शेजारणीकडून रोजची गोष्ट तोंडी ऐकून घेतली. मी पुष्कळ वर्षं चहा सोडत आले. पहिले तीन दिवस डोकं दुखायचं, मग सवय व्हायची आणि आपण प्रभूसाठी काहीतरी केलं हे समाधान ईस्टरपर्यंत पुरायचं. चहा सोडणं सोपं होतं. चहानं माझं काही वाईट केलं नव्हतं.

हे दिवस आले की मला एकच वर्ष आठवतं. त्या वर्षाच्या आधी सहा वर्षं मी माझ्या सख्ख्या भावाशी बोलत नव्हते.

शमुवेल माझा धाकटा भाऊ. घरात सगळे शमू म्हणायचे. भोकरला आमचं माहेरचं घर, तिथं तो आईला घेऊन राहत होता. मी लग्न होऊन उदगीरला आले आणि इथल्याच शाळेत लागले. अशाच एका मार्चमधल्या सकाळी आठ वाजता त्याचा फोन आला. "अक्का, आई गेली," म्हणाला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्याचं पुढचं वाक्य मात्र लख्ख आठवतं. "तू ये. तू येस्तोवर मी माती होऊ देत न्हाई."

आमच्यात पुरतात. पेटी खाली गेली की घरच्यांनी एकेक मूठ माती द्यायची असते, आणि पहिली मूठ मुलांची. ती दिल्याशिवाय माणूस गेलं हे हातांना पटत नाही. मी आणि माझे यजमान नऊच्या बसनं निघालो. मुखेडच्या पुढं बस बंद पडली, दुसरी यायला दीड तास गेला. नांदेडला भोकरची गाडी डोळ्यांदेखत सुटली. पाचच्या सुमारास आम्ही कबरस्तानाच्या फाटकातून आत शिरलो, तेव्हा माणसं नळावर हात धूत होती.

कबर भरून झाली होती. वर पाणी शिंपडलं होतं, फुलं ठेवली होती. "ऊन लई हाय बाई, ठेवता येईना," कुणीतरी म्हणालं. शमू नळापाशी पाठमोरा उभा होता. मी त्याच्याकडं बघत राहिले, पण त्याचं हात धुणं काही संपेना. मी कडेची एक मूठ माती उचलली, तर ती टाकायला खड्डाच नव्हता. झालेल्या ढिगावर ती नुसती ठेवली आणि भावाच्या घरचं पाणीही न पिता परत फिरले.

शाळेत मी वेळेची कडक. पाच मिनिटं उशिरा आलेल्या मुलाला वर्गाच्या दारात उभं करणारी. आईच्या मातीला मीच उशिरा पोचले, हे मला सहन होत नव्हतं, आणि सगळं शमूवर टाकलं की थोडं सहन व्हायचं. नाताळला त्याचा फोन यायचा. यजमान उचलायचे आणि मी हातानंच 'नाही' म्हणायचे. भाचीच्या लग्नाला मी त्यांच्याबरोबर साडी पाठवली, स्वतः गेले नाही. आपण वाईट वागतोय असं मला एकदाही वाटलं नाही. शब्द त्यानं दिला होता, मोडलाही त्यानंच. माझं काय चुकलं होतं?

फक्त एका जागी अडत होतं. प्रभूची प्रार्थना आम्ही सगळे मिळून मोठ्यानं म्हणतो. तिच्यात एक ओळ येते, जिथं माणूस देवाला सांगतो की आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली आहे, तशी तू आम्हाला कर. लहानपणापासून हजारदा म्हटलेली ओळ. आईच्या मातीनंतरच्या पहिल्याच रविवारी ती ओळ आली आणि माझे ओठ मिटले. पुढची ओळ आली, पुन्हा उघडले. शंभर-सव्वाशे माणसांचा आवाज, त्यात एकीचा नसला तर कुणाला कळतंय? सहा वर्षं मी दर रविवारी तेवढी ओळ गाळली आणि बाकीची प्रार्थना खणखणीत म्हटली.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे मेजाशी जाऊन भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या रविवारी मात्र नुसते ओठ मिटून भागत नाही. भांडण मनात ठेवून त्या मेजाशी जाऊ नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मग मी एक युक्ती काढली. त्या रविवारी लहान पोरांना बाहेर चिंचेखाली घेऊन बसायचं काम मी आपणहून मागून घेतलं. पोरं माती खेळायची, मी त्यांची नाकं पुसायची, आत भाकर मोडली जायची. मंडळीत माझं फार कौतुक झालं. बाईंना सेवेची किती आवड, म्हणाले. वार्षिक सभेत टाळ्यासुद्धा वाजल्या. मी मान खाली घालून त्या घेतल्या, याची आज मला लाज वाटते.

माझ्या डाव्या हाताला मार्थाबाई उभ्या राहायच्या. जन्मभर दवाखान्यात सुईणपण केलेली बाई. निम्मं उदगीर त्यांच्या हातावर जन्मलं असं त्या सांगायच्या, आणि कुणी खोटं ठरवायला जात नसे. त्या वर्षी उपवासाच्या आधीच्या रविवारी उपासना सुटली आणि त्यांनी माझा दंड धरला.

"पोरी, परार्थनेत तू एका जाग्याला गप होतीस."

"नाही हो. मनातल्या मनात म्हणते."

"मनातल्या मनात? बाकीची समदी तर शाळंतल्यावानी मोठ्यानं म्हणतीस. लई दिस झाले ऐकून राहिले मी. म्हनलं आज बोलंल, उंद्या बोलंल."

मला आधी हसू आलं, मग रडू आलं. चिंचेखालच्या ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. बस बंद पडल्यापासून नळापर्यंत. शेवटी मीच चिडून म्हणाले, "आता तुम्ही म्हणणार, माफ करून टाक."

"म्या कशाला म्हनू? तुला ते जमायचं न्हाई," मार्थाबाई म्हणाल्या. "यंदा चहा पी खुशाल. चाळीस दिस रोज सकाळी देवाम्होरं भावाचं नाव घे. एक डाव. त्याच्यासाठी चांगलं मागू वाटंना तर मागू नको. वाईट तेवढं मागायचं न्हाई. नुसतं नाव."

"एवढ्यानं काय होणार?"

"मला काय ठावं? बाळातीण घाबरली की मी सांगायची, समद्या कळांचा इचार करू नको बाई. आता आली ती एक सोस. मंग दुसरी यील तवा बघू."

बुधवारी पहाटे मी चुलीपाशी उभी राहिले, डोळे मिटले आणि भावाचं नाव घ्यायला गेले. जीभ हलेना. जे नाव मी लहानपणी दिवसातून पन्नासदा हाका मारून घेतलेलं, ते तोंडातून येईना. मग मी म्हणाले, प्रभू, भोकरच्या लोकांना सांभाळ. दुसऱ्या दिवशी वहिनीला सांभाळ म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पोरांना, चौथ्या दिवशी त्यांच्या म्हशीला. पहिल्या आठवड्यात मी सबंध भोकर तालुक्यासाठी प्रार्थना केली, भाऊ तेवढा सोडून. देवाला हसू आलं असेल. मला मात्र त्या वेळी त्यात काही विनोदी वाटत नव्हतं. घाम यायचा.

नाव आलं ते दहाव्या दिवशी, तेही कण्हल्यासारखं. लगेच डोळ्यांसमोर नळ आला आणि पाठमोरा शमू आला, आणि दिवसभर वर्गात मी विनाकारण मुलांवर ओरडले. अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी मी सोडून दिलं. पेपर तपासायचे होते, निमित्त आयतंच होतं. मार्थाबाईंना सांगितलं, दोन दिवस झालं नाही माझ्याच्यानं. वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "मंग आज कर की. मागचे दोन आज काढू नको, आजचं तेवढं आजचं."

आमच्या भिंतीला भिंत लागून महानंदाकाकूंचं घर. लिंगायत माणसं, मोंढ्यात त्यांचं आडत दुकान. काकू रोज सकाळी आंघोळ करून कपाळाला विभूती लावतात, गळ्यातलं लिंग तळहातावर घेतात आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. वर्षानुवर्षं खिडकीतून हे मी बघत होते. त्या दिवसांत एकदा कपडे वाळत घालताना मी त्यांना विचारलं, "काकू, रोज मन लागतं का हो?"

"कुठलं लागतंय?" काकू म्हणाल्या. "कधी दुधाचा इचार, कधी सुनंचा. पर हात पुढं करायचा चुकवत न्हाई मी. मन येतंय मागून, आलं तर." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. आईच्या मातीची गोष्ट त्यांना ठाऊक होती. "आमच्यातबी माती देतेत. आईची माती चुकली म्हंजे लई वाईट. मी तुला इसर म्हनणार न्हाई." त्या एवढंच बोलल्या आणि कपड्यांचे चिमटे घेऊन आत गेल्या. सहा वर्षांत माझं दुःख इतकं नेमकं कुणी बोलून दाखवलं नव्हतं. मी दोरीपाशी तशीच उभी राहिले आणि थोडा वेळ रडले.

विश्वास वाढतो म्हणजे काय होतं, याच्या फार मोठ्या साक्षी मी ऐकल्या आहेत. कुणाला उजेड दिसला, कुणाच्या अंगातून वारं गेलं. मी खोटं म्हणत नाही. पण माझ्या वाट्याला तसलं काही आलं नाही. माझा विश्वास चुलीपाशी, दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा उघडा ठेवून, एका नावाएवढा वाढला. पुष्कळ दिवस तर तो वाढतोय की नाही हेच कळत नव्हतं. आजही कळत नाही. कधी कधी भाजी निवडताना तो नळ पुन्हा डोळ्यांसमोर येतो आणि जुना राग, कालचा असल्यासारखा, वर येतो. मग हातातली जुडी खाली ठेवून मी त्याचं नाव घेते. मार्थाबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या डाव्या हाताला हल्ली दवाखान्यातली एक तरुण परिचारिका उभी असते, ती मधेच एका ओळीला गप्प होते. मी अजून तिला काही विचारलेलं नाही.

त्या वर्षी पंचविसाव्या दिवसाच्या आसपास एक गोष्ट घडली. नाव घेतलं आणि नळ आलाच नाही. त्याऐवजी आला सात-आठ वर्षांचा शमू, शेतात शेकोटीपाशी बसलेला. गरम हुरडा तो तळहातावर चोळायचा, फुंकर मारून फोलपट उडवायचा आणि स्वच्छ झालेली मूठ आधी माझ्या ओंजळीत ओतायचा. तळहात लाल झालेले असायचे. सहा वर्षांत मला हे एकदाही आठवलं नव्हतं. रागानं तो एक दिवस तेवढा धरून ठेवला होता आणि त्याच्या आधीची सगळी वर्षं दाराबाहेर उभी केली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्यासाठी काहीतरी मागितलं. त्याचे गुडघे दुखतात असं यजमान म्हणाले होते, गुडघ्यांसाठी मागितलं.

झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी ती ओळ आली आणि मी म्हटली. हळू, ओळीच्या शेवटी शेवटी, पण आवाजात. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. मार्थाबाईंनी पदर सावरला. प्रार्थना संपली, मग सूचना झाल्या, आमच्या देवळाच्या पाण्याच्या टाकीबद्दल बराच वाद झाला. घरी येऊन मी यजमानांना म्हणाले, शनिवारी भोकरला जाऊन येते. ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मी येऊ का?" मी नको म्हणाले.

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या पहाटे भोकरची मंडळी कबरस्तानात जमते. त्यामुळं आदल्या दिवशी, शनिवारी, जो तो आपल्या माणसांची कबर झाडून, तण उपटून, चुना लावून ठेवतो. मी घरी गेले तर वहिनी म्हणाली, ते तिकडंच गेलेत. मी चालत गेले. बाहेर पळस फुलून संपत आलेला, ऊन उतरायला लागलेलं. आत दोन-चार कुटुंबं आपापल्या कामात होती. शमू आईच्या कबरीपाशी उकिडवा बसून चुन्याचा कुंचा फिरवत होता. केस सगळे पांढरे झाले होते. मला बघून तो उठला, गुडघ्याला हात लावून, दोन टप्प्यांत.

"सलाम, अक्का," म्हणाला.

"सलाम. बस. उठू नको."

मी येताना बसमध्ये वाक्य जुळवून ठेवलं होतं. तेच मी म्हणाले. "शमू, मातीचं माझ्या मनात आता काही नाही. ऊन होतं, लोक घाई करत असतील. झालं ते झालं." चाळीस दिवसांचं ते वाक्य, मला बरं वाटलं. चारच्या बसनं परत जायचं, इथपर्यंत मी ठरवलं होतं.

शमूचं तोंड उतरलं. तो कुंचा हातात धरून तसाच राहिला. चुना मनगटावर ओघळत होता.

"उन्हानं न्हाई, अक्का," तो म्हणाला. "आई तीन दिस आजारी होती. तीन दिस तुझं नाव घेऊन राहिली होती. मी फोन केला न्हाई. वाटायचं, ताप हाय, उतरंल, कशाला अक्काला तकलीफ. सांजच्याला बघू, सकाळी बघू. अन् मंग गेलीच ती. तू आली असतीस तर तिचं तोंड बघून इचारली असतीस, कवापासून असं होतं म्हणून. मला भ्या वाटलं. म्हणून मीच लोकाला म्हणलो, उरका."

सगळं कबरस्तान हललं. ऊन, लोकांची घाई, बंद पडलेली बस, ज्या ज्या गोष्टींना मी क्षमा करून आले होते त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. तीन दिवस. तीन दिवस ती मला हाका मारत होती आणि मी उदगीरला परीक्षेच्या आसनक्रमांकांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. मी वळले. फाटकापर्यंत गेले. एवढ्या दिवसांत जमवलेलं सगळं गेलं होतं. पहिल्या बुधवारी चुलीपाशी उभी होते त्याहूनही मी मागं होते. त्याच्या म्हशीसाठीसुद्धा मी त्या वेळी काही मागितलं नसतं.

फाटकाची कडी गरम होती. मी हात लावला आणि काढला. मागं वळून बघितलं तर शमू बसूनच होता, माझ्याकडं न बघता, पण या खेपेला पाठ करून नव्हे. त्यानं हे सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. माझी क्षमा घेऊन तो गप्प बसू शकला असता. आणि त्या तीन दिवसांत आईच्या उशाशी होता तो हाच माणूस. ती काय बोलली ते माझ्याजवळ नव्हतं, त्याच्याजवळ होतं.

मी परत आले आणि कबरीपाशी जमिनीवर बसले.

"मला राग आलाय," मी म्हणाले. "लई आलाय."

"हाव," तो म्हणाला.

"पहिल्या दिवशी काय म्हणाली ती?"

त्यानं सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तिला पेज नको होती, चिंचेचं सार पाहिजे होतं. म्हणाली, पोरीला सार चांगलं जमतं, तिला म्हणावं करून आण. दुसऱ्या दिवशी तिला ग्लानी होती, तरी दाराकडं तोंड करून झोपव म्हणाली. "म्हणली, आली असंल बघ, फाटकाशी उभी असंल, तिला आत घे." एवढं बोलून शमू थांबला आणि बाहीनं डोळे पुसायला लागला.

बाहेर रस्त्यावरून चारची बस गेली. मी त्याच्या हातातला कुंचा काढून घेतला, बादलीत बुडवला आणि कबरीची राहिलेली बाजू रंगवायला लागले.

"थांबू नको," मी म्हणाले. "सांग. तिसऱ्या दिवशी?"